वहीची मागची बाजू

खाद्याची गोणी पुन्हा महागली, तेव्हा
रोहिदासच्या वहीत मी मागून लिहायला घेतलं.
पुढून त्याचं : डिझेल, बर्फ, तांडेलाचा वाटा.
मागून माझं : कोंडा, कणी, पेंड.

कोंडा मालंडकरांच्या भातगिरणीतला,
पोत्यात हात घातला तर अजून कोमट.
पेंड घाण्यावरची. तेल डब्यांत भरून घाटावर गेलं,
उरलं ते खरवडून देताना हसनभाई विचारतो,
"कोंबड्यांच्या केसांक लावतंस काय गो?"

पहिले दोन दिवस कोंबड्यांनी
कणी तेवढी टिपली,
कोंडा पायांनी उधळला, माझ्याकडे बघत.
तिसऱ्या दिवशी मीही पाठ फिरवली.
संध्याकाळी परात स्वच्छ.

चैत्रात बोंडू.
बी गेली कारखान्यात, रस गेला जिथे जातो तिथे,
चोथा मी मांगराच्या सावलीत ओतला आणि विसरले.
तो आंबलेला खाऊन तांबडा कोंबडा
भर दुपारी दीडला आरवला,
मग पायरी चढता चढता तीनदा घसरला.
त्या पानावर लिहिलंय : बोंडू वाळवूनच. खाली दोन रेघा.

सुकटीचा चुराही एकदा हात सैल सोडून पडला.
शेजारच्या रतनने अंडं फोडलं, हुंगलं,
आणि गडग्यावरून ओरडली,
"तुझ्या कोंबयेन अंडा नाय, बांगडो घातल्यान!"

मापं अशी ठरली.
तालुक्याचे डॉक्टर वही चाळून म्हणाले, टक्केवारी कुठाय?
मी परात पुढे केली.
ते चष्मा वर सरकवून
बराच वेळ बलकाचा रंग बघत राहिले.

आता होड्या वर ओढल्यात, शाकारल्यात.
रोहिदासची पानं कोरी.
माझी बाजू सरकत सरकत
मधल्या टाचणीपर्यंत आली आहे.
तो काही बोलत नाही.
पडवीत बसून कालवांच्या शिंपा कुटतो,
बोटं कोपरापर्यंत पांढरी.
मी सांगितलंय त्याला,
याने टरफल घट्ट होतं.

पालवी खुराड्यातून अंडं आणते
आणि कानाला लावते, शंख लावतात तसं.
"काय आयकू येता?" तो कुटायचा थांबून विचारतो.
"काय नाय," ती म्हणते,
"गरम हा."