बाटलीतली रेघ

चार दिवस तो पिवळा दिवा लागत होता.
मी त्याच्यावर लिंबू-मिरचीचं स्टिकर चिकटवलं.
खोटं कशाला सांगू.
ग्वाल्हेरच्या जानेवारीत सकाळी
माणसाचंही काही ना काही दुखतंच,
आपण थोडंच लगेच डॉक्टर गाठतो.

पाचव्या दिवशी कंपूतून निघालो, मागे सात पोरं,
धुक्यात दोन हातच रस्ता शिल्लक.
चढावर गाडीला उचक्या लागल्या,
जणू लांब कुणी तिची आठवण काढत होतं.
मग पांढरा धूर. मग काहीच नाही.
मी स्टार्टर मारत राहिलो, मारत राहिलो,
तेव्हा मागून शर्वाणी, इयत्ता तिसरी, म्हणाली,
"काका, तिला झोपू द्या ना."

पोरं दुसऱ्या व्हॅननं गेली, नाखुशीनं.
इदरीस उस्ताद हजिऱ्याहून आले, मफलरातून नुसते डोळे.
पहिलं वाक्य: "चाबी निकालो.
जितना घुमाओगे, पानी उतना अंदर जाएगा."
मी किल्ली काढली,
पोराच्या हातून काडेपेटी काढतात तशी, माझ्याच हातून.

ते खाली आडवे झाले. फिल्टरच्या बुडाचा स्क्रू
दोन आटे सैल,
आणि बाहेर आला एक हात: "शीशी."
गाडीत होती ती गुलाबपाण्याची, रिकामी,
कुमुदनं माझ्या डोळ्यांसाठी दिलेली.

भरली. उन्हाच्या नावाखाली जे काही होतं
त्यात उभी धरली.
आधी सगळं ताकासारखं गढूळ.
मग हळूहळू निवळत गेलं:
वर डिझेल, मधाच्या रंगाचं,
खाली दोन बोटं पाणी, तळाला चिमूटभर गंज,
आणि मधे एक रेघ
पट्टीनं मारल्यासारखी.
मला काहीतरी सुचत होतं,
एका भांड्यात राहून न मिसळण्याबद्दल,
घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, वगैरे.
उस्ताद म्हणाले, "कपड़ा पकड़ो."

निव्वळ डिझेल येईतो सोडलं. फिल्टर नवा घातला.
मग अंगठ्यानं हातपंप, बुडबुडे,
बुडबुडे, फेस, अजून फेस,
शेवटी एकसंध धार.
गाडी खोकली आणि लागली.
इंजेक्टर वाचले. गेले असते तर
सातही पोरांची वर्षभराची फी त्यात गेली असती.

बाटली रुमालात गुंडाळून मी झाशी रोडच्या पंपावर.
भांडण तोंडपाठ होतं, हिंदीतून,
भांडायला ती मला बरी पडते.
मॅनेजर मिथिलेश भदौरिया. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.
मग लांब काठी मागवली,
टोकाला सोनेरी लेप लावला,
जमिनीखालच्या टाकीत तळापर्यंत सोडली.
पाणी असेल तर लाल होतो.
आम्ही चौघं काठीकडे बघत राहिलो,
ऑपरेशनच्या दाराकडे बघतात तसे.
लेप सोनेरीचा सोनेरी.

"कितने का डलवाते हैं?"
पाचशेचं. रोज.
"और रात को टंकी?"
जवळजवळ रिकामी.
बाई पुढे काही बोलल्या नाहीत, हेच लागलं.
रिकाम्या टाकीत हवा, हवेत ओल,
ओल गार पत्र्याला धरते, थेंब होऊन उतरते,
रोज रात्री, मी रजईत असताना.
शिवाय झाकणाचं रबरी वायसर दिवाळीपासून नाही.
तिथे मी दुधाची पिशवी बांधलीय.

तर पाणी माझंच होतं.
काटकसरीचं.

आता संध्याकाळीच टाकी भरतो.
टाकी भरलेली, खिसा रिकामा;
बरंय, खिशात दव धरत नाही.
स्टिकर काढलं, त्याचा गोंद राहिलाय,
त्यातून दिवा दिसतो, विझलेला.
बाटली खिडकीत. कुमुद विचारते, हे कसलं तीर्थ,
आणि पुसताना रोज हलवते.
सगळं पुन्हा ताक.

साडेपाचला बघतो:
रेघ परत जागेवर.
मग किल्ली.
एकदाच.