मनगटात आठ हाडं

बावीस वर्षं मी शाळेची पिवळी बस चालवली
ओहायोच्या चढउतारांच्या रस्त्यांवर.
दार उघडलं की बसच्या डाव्या कुशीतून
एक लाल हात बाहेर यायचा, थांबा लिहिलेला,
आणि दुधाचे टँकरसुद्धा जागच्या जागी उभे राहायचे
एखाद्या नाक पुसणाऱ्या पोरासाठी.

आता बस नाही.
आता मी आमिश लोकांना नेते-आणते, मैलाच्या हिशोबाने.
त्यांना गाडी ठेवायची नाही, बसायची चालते.
पूर्वी मला याचं हसू यायचं. आता येत नाही.
वॉल्टर गेला तेव्हा माझा मोडका व्हरांडा
त्यांच्यातल्या अकरा जणांनी दोन दिवसांत उभा केला,
आणि पैशांचं नाव काढलं तर
टोप्या पुढे ओढून घेतल्या.

हे आधी सांगते, कारण पुढचं सांगायचं आहे.

ड्रुसिला हर्शबर्गर. वय चौदा.
आठवी झाली, शाळा संपली.
कायद्याने तेवढी सूट दिलीय, धर्मासाठी.
मी कोण बोलणार? मीही हायस्कूल काठावरच पास.
तिच्या उजव्या मनगटाला फडकं गुंडाळलेलं,
शेजारी बाप, अमॉन.
दवाखान्यातला फॉर्म तिनेच भरला, डाव्या हाताने,
तरी अक्षर माझ्यापेक्षा सरळ.
'इजा कशी झाली' या रकान्यापाशी पेन थांबलं.
बाप छताकडे बघत म्हणाला, शिडी.
तिने लिहिलं, शिडी.

मार्चमध्येही शिडीच होती.
त्याआधी गोठ्याची पायरी.

बसवाल्यांना दरवर्षी एक प्रशिक्षण असायचं,
कँटीनमध्ये, गार डोनट खात:
अंगावर वळ दिसले तर कुणाला फोन करायचा.
नंबर फ्रिजवर चिकटवला होता. फ्रिज बदलला, नंबर गेला.
असं मी स्वतःला सांगते.
नंबर मला पाठ आहे.

परतताना बाप पेंगत होता.
आरशातून तिने विचारलं,
"त्या काळ्या फोटोत बारीक बारीक खडे होते. किती असतात?"
आठ, म्हटलं. नर्स म्हणाली ना.
"त्यांना नावं आहेत?"
असतीलच.
"कुणाला माहीत असतात?"
शिकतो त्याला, असं ओठांवर आलं
आणि मी वळायचा दिवा लावला,
वळण नसताना.

रात्री शोधली. पेट्रोलच्या पावतीमागे लिहिली.
एक होडीसारखं, एक चंद्रकोरीचं,
एक वाटाण्याएवढं, एकाला आकडी.
नावं मोठ्या अक्षरांत, अर्थ खाली बारीक.

प्लास्टर काढायच्या दिवशी
बाप नालांचे खिळे घ्यायला उतरला,
तेवढ्यात मी पावती मागे सरकवली.
तिने दोनदा वाचली, ओठ हलवत,
मग नीट घडी घालून परत केली.
"घरी ठेवायला जागा नाही. तुमच्याकडे राहू दे.
येईन तेव्हा वाचेन."

तेव्हापासून दर गुरुवारी
अंडी घेऊन बाजाराला येते, सोबत ऐकू न येणारी आत्या.
आता पावती लागत नाही.
एकेका कुंपणाच्या वळणावर एकेक हाड म्हणते,
चंद्रकोरीचं नेहमी टेकडीवर येतं
आणि ती तिथे जरा हसते.

आज आठही संपल्यावर बराच वेळ गप्प होती.
अंड्यांचं खोकं मांडीवर, दोन्ही हात त्यावर.
मग म्हणाली,
"अजून एक शब्द पाहिजे.
पडलेलं नसताना मोडतं,
त्याला काय म्हणतात?"

मी गाडी कडेला घेतली.
डाव्या बाजूने दुधाचा एक टँकर गेला,
मग दुसरा.
कुणी थांबलं नाही.