नोव्हेंबरपर्यंत

दुकानाच्या पाटीवर लिहिलंय : ट्रेव्हारो आणि मुलगा.
त्यातला मुलगा मी. वय एकाहत्तर.
हॅनकॉक गावात, कालव्याकडे जाणाऱ्या उतारावर,
फेब्रुवारीचा बर्फ फावड्याने सारून
गिऱ्हाइकापुरती वाट मोकळी ठेवतो.

आज त्या वाटेने आयली कोस्केला आली.
कुशीत लोकरी घोंगडी, घोंगडीत बापाची रायफल,
तापलेलं मूल दवाखान्यात आणावं तशी.
"विकली तर काय येतील?" म्हणाली,
हातमोजे न काढताच.

आधी ती रिकामी आहे का बघितलं. दोनदा.
रिकामी म्हणून आणलेली भरलेली निघते,
हे या धंद्यात एकदाच शिकावं लागतं.
मग नळीत इवलीशी बॅटरी सोडून एक डोळा मिटला.
आतले पेच शाबूत. तोंडाशी किंचित गंज.
पोलादावरची निळाई उडालीय,
पण तळहात धरतो नेमकी तिथेच,
म्हणजे ही वापरातली, कोनाड्यातली नव्हे.
नंबर दोन्हीकडे एकच. हे चांगलं.
दुर्बिणीसाठी पाडलेली दोन भोकं. हे वाईट,
भोकामागे पन्नास डॉलर गेले.

आणि दस्ता.
"हा घासला कुणी?"
"बाबांनी. माझ्या लग्नाच्या वर्षी.
पाहुण्यांना दाखवायची होती."

रात्र रात्र बसून घासला असणार,
वर लाखेचा हात, आरशासारखा.
आता तिला कसं सांगू,
त्या लाखेच्या एका हाताने
लाखाचे बारा हजार झाले.
शौकिनाला मळ हवा असतो, मूळचा मळ.

घासूनही सोडलेल्या, दस्त्याच्या पोटाशी
खाचा. मोजल्या. अकरा.
"हरणं?"
"हरणं त्यांनी कधी मोजली नाहीत.
खाचांचं मला ठाऊक नाही."
"एका खाचेचे वीस डॉलर कमी होतात," मी म्हणालो.
धंद्याचं बोलणं ते, धंद्यासारखंच निघालं.

पण नंबर कागदावर उतरवताना हात अडखळला.
शेवटी दोन सत्ते. कुठेतरी पाहिलेले.
मागच्या खोलीत वडिलांच्या गहाणवह्या आहेत,
टाकून द्यायच्या म्हणून तीस वर्षं जपलेल्या.

सापडलं.
ऊर्हो कोस्केला. रायफल एक. डॉलर अठरा.
फेब्रुवारीत ठेवली, नोव्हेंबरात
शिकारीचा हंगाम उघडायच्या आदल्या दिवशी सोडवली.
पुन्हा फेब्रुवारी. पुन्हा अठरा.
वहीत कारणं लिहीत नाहीत.
ती वर्षांवर बोट ठेवत गेली :
"ही खाण बंद पडली तेव्हा.
हे आईचं ऑपरेशन.
आणि हे," बोट थांबलं, "हे माझे दात.
दातांना तार लावली होती."

अकरा वेळा अठरा.
तेव्हा ती चाळिसाला डोळे मिटून गेली असती.
माझ्या वडिलांना हे कळत होतं.
ऊर्होलाही कळत असणार :
कमी उचललं की कमी फेडावं लागतं.
कंजुषी कुणाची नि शहाणपण कुणाचं,
शाई सांगत नाही.
वडिलांना विचारायचं राहून गेलं,
खरं तर विचारायचं सुचलंच नाही.

"आज किती?"
भाव सांगताना मी तोंडाकडे बघत नाही,
ही खोडही वारशातली.
"सव्वातीनशे. दुसरीकडे चारशे म्हणतील
आणि हातावर तीनशे टेकवतील."

तिने हातमोजे काढले.
शेवटच्या खाचेपुढची गुळगुळीत जागा
अंगठ्याने चाचपली.
"विकत नाही. गहाण ठेवा."
"किती हवेत?"
तेलवाल्याचं बिल पिशवीतून काढून
उलटं करून पाहिलं, परत ठेवलं.
"सोडवता येतील तेवढेच. नोव्हेंबरपर्यंत."

नवी वही काढली नाही.
त्याच पानाच्या तळाशी चार बोटं जागा होती.

"खाच कोण पाडतं?" तिने विचारलं. "तुम्ही की मी?"
"वीस डॉलर जातील," मी म्हणालो,
आणि गल्ल्याच्या खणात
वडिलांचा चाकू शोधू लागलो.