सामान्यरूप

मराठीत शब्दाला सरळ प्रत्यय लावता येत नाही,
आधी त्याचा कान थोडा पिरगळावा लागतो.
घोडा, घोड्या. पाणी, पाण्या.
मग ला लावा, चा लावा, वर बसवा काय हवं ते.
हे मधलं रूप एकटं कधी भेटत नाही, मी सांगते,
नुसतं ‘घोड्या’ असं उभं नसतं कुठे रस्त्यात.
‘असतं की मॅडम,’ मागच्या बाकावरून अंबादास,
‘माझा बाप हाक मारतो तेव्हा.’
वर्ग हसतो. त्याचं बरोबर आहे.

येरवड्याच्या टेकाडावर तिसरा तास,
अकरा पोरं, आणि पंखा जो फक्त दोनवर फिरतो.
मी इथे तासिका तत्त्वावर.
तत्त्व, तत्त्वा, वर:
तीही फोड करून दाखवते, फुकट.

फळ्यावर तुर्की लिहिते: एव्-लेर-इमिझ्-दे.
घर, पुष्कळ, आमची, मध्ये.
प्रत्येक मणी सुटा, मोजून घ्या.
मग अरबी: ह, क, म हे तीन खांब,
मधून वारा बदलत जातो,
हुकूम, हाकीम, हुकमत.
पोरं वहीत खांब काढतात, कुणीतरी वाराही काढतं.

परका शब्द आपला झाला हे कशावरून ओळखायचं?
वाकायला लागला की.
रिक्षा जपानची. आमचे दादा म्हणायचे, रिक्षेत बस.
माझी रेवा म्हणते, रिक्षात.
आलेला पाहुणा घरचा झाला
आणि नातीच्या वेळी पुन्हा ताठ.
रेवालाच रेवेला म्हणून बघा,
आठवडाभर बोलणार नाही.

आईचं नाव मथुरा.
मथुरेला विचार. मथुरेनं ठेवलंय. मथुरेच्या लक्षात असेल.
दादा दिवसभर तिला असं वाकवत,
आणि ती जराही वाकत नसे.
लहानपणी मला वाटायचं, यांचं तिकडे उत्तरेत
काहीतरी मोठं काम अडलेलं आहे.

नोव्हेंबरात लक्ष्मी रोडच्या बँकेत
खिडकीतली मुलगी पलीकडच्या मुलीला म्हणाली,
‘मथुराचा हयातीचा दाखला घे गं.’
आईनं माझ्याकडे बघितलं.
‘कुणाचा?’

कॉलेजच्या गेटवर शोभेलाल कास्देकर, मेळघाटचा.
चहाच्या बदल्यात मला कोरकू शब्द देतो,
साखर कमी पडली तर क्रियापदं देत नाही.
कोरो, माणूस. कोरोकू, माणसं.
आणि मध्ये कोरोकिंग: दोनच माणसं,
एक नाही, गर्दी पण नाही.
आमच्याकडेही होतं असं कधीकाळी,
संस्कृतातून येता येता वाटेत पडलं,
कुणी मागे वळून उचललं नाही.
मी विचारलं, दोघांतलं एक गेलं तर?
त्यानं बशी पुसली.
‘मग साधं एकाचंच. त्याला वेगळं काय असणार, मॅडम?’
मी ते वहीत लिहिलं. तारीख टाकली.

घरी तांदळाच्या डब्यावर दादांच्या अक्षरात
अजून आहे: मथुरेचा, हात लावू नये.
मला ते रूप वापरता येत नाही.
आईला आई म्हणतात, आईला, आईचा, आईनं,
तो शब्द कुठेच वाकत नाही,
फळ्यावर हे लिहिताना खडू मोडला होता एकदा,
त्यात विशेष काही नाही, खडू स्वस्तातले असतात.

सत्राच्या शेवटी प्रश्नपत्रिका काढली.
प्रश्न चौथा, गुण दोन:
‘मथुरेला’ या पदाची फोड करा.
अंबादासनं लिहिलं:
मथुरा (गाव), सामान्यरूप मथुरे, प्रत्यय ला.
पूर्ण गुण दिले.
कंसातलं ‘गाव’ तेवढं
लाल शाईनं खोडलं,
वर काय लिहावं ते न सुचून
जागा तशीच ठेवली.