आहेत, की होत्या

मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला
ग्रिम्सबीच्या गोदीमागे, चर्चच्या तळघरात
मी हीटर लावते, खुर्च्या गोल मांडते.
फळ्याचं तोंड भिंतीकडे.
पहिला अर्धा तास त्याला शिक्षा.

पुस्तक बंद. प्रश्न दर वेळी एकच:
या आठवड्यात काय बोलायचं राहून गेलं?

मग ते हळूहळू निघतं,
ओल्या खिशातून चिल्लर निघावी तसं.
सेरवानला घरमालकाला सांगायचं होतं
की बुरशी माझ्या स्वयंपाकाची नाही,
तुझ्या छपराची आहे.
फिलोमेना रात्रपाळीत मासे सोलते,
तिला मुकादमाला म्हणायचं होतं,
ओरडू नका, मला ऐकू येतं.

तेच वाक्य आजचा धडा.
आम्ही ते म्हणतो, आधी अडखळत,
मग चांगलं खणखणीत रागाने,
आणि शेवटी
नोकरी शाबूत राहील अशा आवाजात.
हा तिसरा आवाज शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

चुका मी लगेच धरत नाही.
नवी होते तेव्हा धरायची.
लाल पेन होतं, हात सैल होता.
एका माणसाने, आपल्या देशात तो पूल बांधायचा,
माझ्या रेघोट्यांकडे बराच वेळ पाहिलं,
वही मिटली, कोट घातला, आभार मानले.
परत आला नाही.
पन्नाशीचा माणूस लहान मुलासारखा चुकतो,
पण लहान मुलासारखा विसरत नाही.

छापील अभ्यासक्रमात पाचवा धडा: माझं घर.
चित्रात लाल कौलं, कुंपण, एक मांजर.
मी मांजरावर बोट ठेवून विचारलं,
बाबिकर, तुमच्या घरात किती खोल्या आहेत?
त्याने चित्र नीट पाहिलं.
मग मान वर करून म्हणाला,
"आहेत, की होत्या?"

भूतकाळ तेव्हा आम्ही घेतलाच नव्हता.
तो अकराव्या धड्यात होता.
हीटर तेवढा टकटक करत राहिला.
मी म्हटलं, दोन्ही बरोबर.
व्याकरणाशी मी इतकं धडधडीत खोटं
त्याआधी कधी बोलले नव्हते.

तेव्हापासून पाचवा धडा गाळते.
वीजबिल आणते, औषधाची बाटली,
शाळेतून आलेली चिठ्ठी, बसचं वेळापत्रक.
माझे वडील ट्रॉलरवर होते, आइसलंडपर्यंत जायचे.
दुकानात, बँकेत, दवाखान्यात
कागद समोर आला की म्हणायचे, चष्मा घरी राहिला.
घरात चष्मा नव्हता.
हे मी वर्गात सांगत नाही.
पण कुणी खिसे चाचपायला लागलं
की कागद मीच मोठ्याने वाचायला घेते,
सहज, जणू मलाच कळलेला नाही.

मागच्या मंगळवारी लेतेब्रहानने
दवाखान्याला फोन लावला, सगळ्यांसमोर,
स्पीकरवर. आठ आठवडे टाळत होती.
पलीकडून: नाव सांगा.
तिने सांगितलं. एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.
पुन्हा? पुन्हा सांगितलं.
पुन्हा?
सेरवानने टेबलाखाली मूठ आवळली.
माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं,
मी ते दातांखाली धरून ठेवलं.

लेतेब्रहान म्हणाली, शांतपणे, तिसऱ्या आवाजात:
"तीनदा सांगितलं. आता तुम्ही सांगा.
चुकलं तर मी मदत करते."

पलीकडची बाई थांबली.
मग शाळेतल्या मुलीसारखी
एकेक अक्षर म्हणू लागली.
दोनदा चुकली. लेतेब्रहानने दोनदा थांबवलं,
रागावली नाही.

गुरुवार, नऊ वाजून दहा मिनिटं.
तिने तळहातावर लिहून घेतलं,
आणि फोन ठेवल्या ठेवल्या मला विचारलं,
गुरुवारच्या आधी 'इन' लावायचं की 'ऑन'?

मी म्हटलं, ते पुढच्या मंगळवारी बघू.
नऊला पाच कमी असतानाच पोच.