बरणी

त्या पहाटे मिलचा भोंगा व्हायच्या आधीच
फडताळातली पितळी भांडी वाजू लागली.
आई म्हणाली, भूकंप.
गुंडप्पा मास्तर म्हणाले, नाही, रणगाडे.
आणि ओट्यावर जाऊन उभे राहिले,
एकाच पायात चप्पल.

सात महिने आमच्याकडे होते ते.
मागाच्या खड्ड्यावर फळी टाकून झोपायचे.
हद्दीपलीकडचं त्यांचं गाव रझाकारांनी धरलं त्या रात्री
शाळेचं हजेरीपुस्तक तेवढं काखेत मारून निघालेले.
दिवेलागणीला ते उघडायचे,
एकेक नाव वाचायचे हलक्या आवाजात
आणि स्वतःच म्हणायचे, हजर.

मी नऊ वर्षांचा. नाक्यापर्यंत पळालो.
दिवे विझवलेल्या लॉऱ्या, एकीमागं एक,
नळदुर्गच्या रस्त्याला, चिखल उडवत.
छावणीसाठी थापलेल्या भाकऱ्यांतली एक
मी वर फेकली. शिपायानं झेलली.
आमची कडक भाकरी, दातानं मोडेना,
तेव्हा हसला, काहीतरी बोलला.
पेठेत तेलुगू, कन्नड, मराठी, दखनी;
ही पाचवी भाषा मला अजून कळलेली नाही.

दिवसभर पूर्वेला गडगडलं. ढग नव्हते.

पुढं हॉटेलातल्या रेडिओवर कळलं, सुटलं सगळं.
अण्णांनी मालकाला न विचारता तासभर माग थांबवला.
मास्तरांनी दाढी केली, गाल कापून घेतला,
आणि गेले.

आठव्या दिवशी परत. हातात चिनी मातीची बरणी.
लिंबाचं लोणचं. पळताना शेजारी
मदारसाब मणियाराकडं ठेवलेलं.
तोंडाला फडकं, फडक्याला त्याची गाठ:
बांगड्यांचे जोड बांधायचा तीच, दुहेरी.
बोटसुद्धा लागलेलं नव्हतं आत.

मदारसाब कुठायत, आईनं विचारलं.

घराला छप्पर नाही, मास्तर म्हणाले.
अंगणभर काचा. हिरव्या जास्त.

रझाकार? अण्णांनी विचारलं.

ते तर आधीच पळालेले.
मास्तरांनी हजेरीपुस्तक मांडीवर घेतलं,
उघडलं नाही.
यातलीच पोरं, म्हणाले. चौघं.
एकाला तर मीच पाटी घेऊन दिली होती.

संध्याकाळी एकच नाव वाचलं त्यांनी:
महेबूब मदारसाब मणियार, इयत्ता तिसरी.
मी वाट बघत बसलो.
हजर म्हणालेच नाहीत.

आईनं बरणी फडताळात ठेवली, पितळेच्या मागं.
महिनाभर लॉऱ्या जात-येत राहिल्या,
भांडी वाजत राहिली.
बरणी भरलेली होती. ती वाजायची नाही.