दीड वेटोळं

आवाज डाव्या बाजूचा. पुढचा.
वेगात नाही. कळंब्याच्या रस्त्याला साठनं गेलो
तर गाडी गुमान, शहाण्यासारखी.
पण कॉलनीच्या तोंडाशी, पहिल्या गिअरात,
ब्रेकरवरून चाक खाली उतरलं की
टक्क.
आतल्या खोलीत कुणीतरी अडकित्ता मिटावा तसं.

अठ्ठ्याण्णवची एस्टीम.
निपाणीच्या एका तंबाखूवाल्याकडून घेतली
तेव्हा सीटखाली तपकिरीचा वास होता,
मी शिंकत शिंकत घरी आणली.
मग रुंद चाकं घातली. सायलेन्सर बदलला,
वरच्या मजल्यावरच्या देसायांनी बोलणं सोडलं.
आणि पुढून दोन इंच खाली बसवली.
फाटकाशी उभी असली की आता वाटायचं,
पोट जमिनीला टेकवून
चिमणीवर नजर लावलेलं मांजर.

टक्क.

लिंक रॉड बदलले. टक्क.
लोअर आर्मचे बुश, उद्यमनगरात, प्रेसवर,
ओळखीत, दोन चहांवर. टक्क.
बॉल जॉइंट. वरचं माउंटिंग.
बोनस झाला तसे शॉकअप,
दोन्ही बाजूंचे, कारण एकटा बदलत नाहीत म्हणे.
काढलेलं सगळं सिमेंटच्या पोत्यात भरलं,
पोतं डिकीत टाकलं,
आणि आवाज दोन झाले.

आठव्या महिन्यात दस्तगीर शिकलगारांकडं गेलो.
वीस वर्षं फाउंड्रीत फेटलिंगला होते,
दोन्ही कान तिथंच ठेवून आलेले.
आवाज शोधायला बहिऱ्याकडं?
कारखान्यात सगळे हसले.
मी त्यांच्यासमोर तोंडानं काढून दाखवला, टक्क, टक्क,
ते माझ्या ओठांकडं बघत राहिले,
पाहुण्याचं बाळ बघतात तसं.

मग गुडघ्यावर बसले. हात आत घातला.
"कुणीतरी स्टेअरिंग फिरवा."
"मी फिरवतो," म्हणाली मृण्मयी, माझी भाची, नववीतली,
आणि चढून बसली.
डावीकडं. उजवीकडं. परत डावीकडं.
त्यांचा तळवा स्प्रिंगवर,
डोळे मिटलेले,
तापलेल्या कपाळावर हात ठेवावा तितका हलका.

जॅक लावला. चाक लोंबलं.
दोन बोटांनी त्यांनी स्प्रिंग ढकलली
आणि ती गरकन फिरली,
वाळलेल्या मनगटातल्या बांगडीसारखी.

"कुणी कापली ही?"
मी पोत्याकडं बघितलं.
"मामानं," मृण्मयी काचेतून डोकं काढून, मोठ्यानं,
"ग्राइंडरनं. दीड वेटोळं. रविवारी.
मी बॅटरी मारत बसलो होतो."
हे मात्र त्यांना ऐकू गेलं.

"चाक लोंबलं की हिचं बूड सुटतंय.
परत बसताना वाजतंय.
बास, एवढंच."
पोत्यातला जुना लिंक रॉड उचलला,
त्याची मान चिमटीत धरून वळवायला गेले,
वळेना.
"ह्ये अजून धा वर्षं चाललं असतं."
मी काही बोललो नाही.
त्यांनीही परत विचारलं नाही.

भंगारातून जोडी आणली,
मागून ट्रकनं ठोकलेल्या एका एस्टीमची, पुढं धक्का न लागलेली.
गाडी उठली.
टायर आणि मडगार्डमध्ये आता पुरी मूठ जाते,
चिखलात लुगडं आवरून चालल्यासारखी दिसते,
आणि फोटो काढायला कुणी थांबत नाही.

चाचणीला दस्तगीरभाई शेजारी बसले,
तळवा डॅशबोर्डवर.
ब्रेकर आला. चाक उतरलं.
काही नाही.
पुढचा ब्रेकर. काही नाही.
मी हसून त्यांच्याकडं वळलो.

ते हसले नाहीत. हात तसाच होता.
"उजवीकडं," म्हणाले, "काहीतरी हाय."

मी काचा वर केल्या, पंखा बंद केला, श्वास धरला.
मला तर काहीच ऐकू आलं नाही.